बारा पावलं

वस्तादांचं खरं नाव बायकोला ठाऊक होतं आणि हजेरीपटाला. बाकी दुनियेला ते वस्तादच. रायडिंग क्लबच्या फाटकाशी येऊन कुणी खऱ्या नावानं चौकशी केली असती, तर पहारेकऱ्यानं 'इथं असं कुणी नाही' म्हणून त्याला वाटेला लावलं असतं. चौतीस वर्षं या माणसानं एकच काम केलं, घोड्यांना अडथळ्यांवरून उडी मारायला शिकवलं. दुसरं काही येत नव्हतं आणि येत नाही याची खंतही नव्हती. घरात बल्ब बदलायचा झाला तर बायको स्टुलावर चढायची, आणि वस्ताद खाली उभे राहून 'टाचा खाली, पाठ ताठ' असं सांगायचे.

आता तुम्ही म्हणाल, घोड्याला उडी काय शिकवायची? बरोबर आहे. कुत्रा मागं लागला की कुठलाही घोडा कुंपण ओलांडून पळतो. पण पाठीवर माणूस घेऊन, सांगितल्या वेळी, सांगितल्या जागेवरून उडी मारायची, हे शिकवावं लागतं. सुरुवातीला जमिनीवर एक दांडी नुसती टाकून ठेवायची आणि घोड्याला तिच्यावरून चालवायचं. आठवडा-पंधरा दिवस तेवढंच. मग दांडी घोट्याएवढी वर, मग गुडघ्याएवढी. घोडा दमायच्या आत थांबायचं, आणि थांबायचं ते नेहमी चांगल्या उडीवर. वाईट उडीवर थांबलं की घोडा रात्रभर ती वाईट उडी घोकत बसतो, असं वस्तादांचं मत होतं. घोड्याला कुणी विचारलं नव्हतं, पण मत ठाम होतं.

खरी मेख असते ती जोडीत. जोडी म्हणजे एकामागं एक दोन अडथळे, मध्ये घोड्याला फक्त दोन ढांगा टाकता येतील एवढीच जागा. पहिल्यावरून उतरायचं, एक ढांग, दोन ढांगा, की लगेच उडी. जागा कमी पडली तर घोडा दुसऱ्या दांडीच्या पोटात शिरतो, जास्त झाली तर लांबून उडी मारून दांडी घेऊन पडतो. म्हणून दोन अडथळ्यांमधलं अंतर काटेकोर लागतं, छत्तीस फूट. आणि हे अंतर वस्ताद पावलांनी मोजत. पहिल्या दांडीला पाठ लावायची आणि चालू लागायचं. दोन पावलं घोडा उतरायला, चार पावलं पहिल्या ढांगेला, चार दुसरीला, दोन उडायला. बारा पावलं, तीन फुटांचं एक. त्यांच्या गुरूनं त्यांना चुन्यानं आखलेल्या रेघांवर वर्षभर चालवलं होतं, डोळे बांधून. तेव्हापासून वस्तादांचं पाऊल म्हणजे तीन फूट, यात बदल नाही. ऑफिसात लांब टेप होता, पण कुणी तो काढला की वस्ताद म्हणायचे, "ठेव ते. टेप शिलाईवाल्यांना." हे ते घरी म्हणत नसत, कारण बायको शिलाईचंच काम करत होती आणि घर निम्मं तिच्या मशीनवर चालत होतं.

दीड वर्षापूर्वी वस्ताद पडले. घोड्यावरून नव्हे. घोड्यावरून पडले असते तर निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं. तबेल्याच्या ओल्या फरशीवरून पाय घसरला आणि डावा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत धातूचा तुकडा बसला, चार महिने घरात काढले. बायकोच्या शिवणाला रोज नावं ठेवून त्यांनी तिला इतकं भंडावलं, की ते पुन्हा कामावर गेले त्या दिवशी तिनं दार लावून घेतलं आणि दुपारपर्यंत ढाराढूर झोपली. घोड्यावर बसायची डॉक्टरांनी बंदी केली होती. तसे वस्ताद उभ्यानं शिकवणारेच, त्यामुळे त्यांचं फार अडलं नाही. पाठीवर बसायला त्यांची लेक होती. क्लबचीच स्वार, सव्वीस वर्षांची, बापासारखीच हट्टी, फक्त तोंडानं कमी.

कामावर आल्या आल्या त्यांच्या ताब्यात भिंगरी आली. तांबूस रंगाची चार वर्षांची घोडी. पहिल्या मालकानं हे नाव कशावरून ठेवलं कोण जाणे, कारण गरगर फिरणं तिच्या स्वभावातच नव्हतं. ती विचारी होती. नवी दांडी दिसली की थांबून, मान खाली घालून, नीट न्याहाळून मगच पुढं जायची. एकदा समजलं की मात्र पुन्हा सांगायला लागायचं नाही. वस्तादांच्या हाताखालून साठेक घोडे गेले असतील. अशी शिकणारी त्यांना दोन-तीनदाच मिळाली होती. जीव जडला म्हणतात तसा जडला. कुणाला बोलून दाखवायचे नाहीत, पण तबेल्यातून निघताना सगळ्यांत शेवटी तिच्या दाराशी जायचे.

क्लबचा नियम होता. नव्या घोड्याची दहा महिन्यांनी चाचणी. नापास झाला तर दोष कुणाचा ते शिक्षकानं रजिस्टरात लिहायचं. रकाने तीन : घोडा, स्वार, शिक्षक. 'घोडा'पुढं खूण केली की घोडा विकून टाकायचा. 'स्वार'पुढं केली की महिन्यानं पुन्हा एक संधी, आणि त्यातही जमलं नाही तर विक्री. 'शिक्षक'पुढं केली तर घोड्याला दुसऱ्या हाताखाली नवे तीन महिने, आणि शिक्षकानं मैदानाबाहेर बसायचं. हा तिसरा रकाना कुणी भरल्याचं वस्तादांच्या ऐकिवात नव्हतं. कागद भरल्यासारखा दिसावा म्हणून तो छापला असावा, असं ते गमतीनं म्हणायचे. विकलेले घोडे कुठं जातात हे सगळ्यांना माहीत होतं. सहलीच्या जागी पाठीवर माणसं बसवून सकाळपासून अंधार पडेपर्यंत फेऱ्या मारायला लावणारा एक व्यापारी होता, तो घेऊन जायचा. त्याच्याकडे घोडा दोन-तीन वर्षं टिकायचा.

भिंगरीची चाचणी आली. परीक्षक बाहेरचे, अडथळे त्यांच्या माणसांनी लावलेले. सुरू व्हायच्या आधी वस्ताद रिवाजाप्रमाणे जोडीच्या मधून चालून आले. दहा, अकरा, बारा, तेरा. तेरावं पाऊल पडलं तरी दुसरी दांडी पुढंच होती.

"तुमचं अंतर लांब लागलंय," ते परीक्षकांना म्हणाले.

परीक्षक भला माणूस. वाद घातला नाही, टेप मागवला. छत्तीस फूट, एक बोटही इकडंतिकडं नाही.

"मग टेप ताणलाय तुमचा," वस्ताद म्हणाले. "उन्हात ठेवला की ताणतो तो."

परीक्षक हसले, आणि चाचणी सुरू झाली. एकेकटे अडथळे भिंगरीनं असे ओलांडले की बघणारे खुर्चीत पुढं सरकले. मग जोडी आली. पहिल्यावरून उतरली, एक, दोन, आणि उडी मारायच्या जागी तिच्या लक्षात आलं की दांडी अजून लांब आहे. तिनं एक चिमुकली तिसरी ढांग घुसडली आणि दांडी छातीवर घेतली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा जोडीसमोर येऊन उभीच राहिली.

रजिस्टर समोर आलं तेव्हा वस्तादांनी 'स्वार'पुढं खूण केली. लगाम धरून ठेवतेस, घोडीला मोकळं सोडत नाहीस, असं ते लेकीला म्हणाले, आणि त्यांचा त्यावर विश्वासही होता. त्यातून घोडी वाचत होती ही गोष्ट वेगळी. लेकीनं ती खूण वाचली. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी खोगीर चढवून मैदानात हजर राहिली.

मग महिनाभर त्या पोरीचा नुसता छळ. "सोड! अगं सोड तो लगाम! दोरी आहे का विहिरीतली?" घरच्या मैदानावरच्या जोडीत, वस्तादांच्या बारा पावलांत, भिंगरी लोण्यासारखी जायची, आणि ते ओरडायचे, "बघ, येतंय की! मग तिथं काय झालं होतं तुला?" लेक खाली मान घालून ऐकायची. तबेल्यात घोड्यांची निगा राखणारा जुना मोतद्दार एकदा म्हणाला, "वस्ताद, पोरीचा हात तर मऊ दिसतो मला." त्यावर वस्तादांनी त्याला घोड्यांच्या दाण्याचे तोबरे धुवायला पाठवलं. तोबरे धुतलेलेच होते.

दुसऱ्या चाचणीला पाच दिवस उरले असताना वस्तादांनी दुकानातून एक तयार पँट आणली. बायकोकडे गिऱ्हाइकांच्या कामाचा ढीग होता, तिला कशाला त्रास, असा भला विचार आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मनात आला होता. घरी घालून बघितली तर डावा पाय टाचेखाली लोळतोय.

"फसवलं बघ लेकाच्यानं. एक पाय लांब, एक आखूड शिवलाय."

बायकोच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्या एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या. "काढा, मी बरोबर करून देते."

"अगं, तू कशाला? परत करतो ना."

"परत कशाला? पँट बरोबर आहे."

तिनं खुंटीवरची त्यांची जुनी पँट काढली, घडीवर घडी जुळवून मांडीवर पसरली. डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड होता.

"ही एकच?"

"सगळ्या," ती म्हणाली. "डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल. एवढ्यातेवढ्यावरून जीव काढता तुम्ही आमचा, हे कळल्यावर काय केलं असतं! म्हणून आपली गपचूप शिवत राहिले."

चाल थोडी अवघडल्यासारखी होते, हे वस्तादांना जाणवायचं. पण पाऊल तेच आहे, यावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती. माणूस स्वतःच्या नाकावर शंका घेतो का? त्यांनी बायकोच्या गळ्यातला टेप काढून घेतला, आणि तशीच लोळती पँट घालून ते क्लबवर गेले.

ऑफिसातला टेप मागायची लाज वाटली. शिवणाचा टेप पाच फुटांचा. एक टोक मोतद्दाराला धरायला दिलं, खडूनं खुणा करत दोघं जोडीमधून ओणवे सरकत गेले. सात टेप आणि वर एक फूट व्हायला हवं होतं.

"सहा टेप," मोतद्दार म्हणाला. "आणि वर तीन फूट."

"नीट बघ."

"नीट बघितलं तरी तेवढंच, वस्ताद. तेहतीस."

तीन फूट कमी. बारा पावलांत तीन फूट, म्हणजे पावलामागं तीन इंच चोरले जात होते, आणि चोर त्यांच्याच अंगात राहत होता. अकरा महिने त्यांनी त्या शहाण्या घोडीला चुकीची जागा शिकवली होती. आणि ती शहाणी होती म्हणून चुकीची जागा तंतोतंत शिकली होती. एखादी मठ्ठ घोडी असती तर कशीबशी निभावून गेली असती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेपानं मोजून जोडी छत्तीस फुटांवर लावली. लेकीला कारण सांगितलं नाही. म्हटलं, एकदा बघू. चार दिवसांत अकरा महिने पुसता येत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? तरी म्हटलं, बघू. भिंगरी आली, उतरली, एक, दोन, आणि तिनं तीच जागा शोधली जी तिला शिकवली होती. दांडी तिथं नव्हती. तिनं तरीही उडी मारली, कारण पाठीवरच्या मुलीनं पुढं जा म्हटलं होतं. पुढचे दोन्ही गुडघे दांडीवर आदळले, घोडी तोंडघशी पडता पडता सावरली. डाव्या गुडघ्यातून रक्त आलं.

लेक उडी टाकून उतरली, गुडघ्यावर रुमाल दाबून बसली आणि वर न बघता म्हणाली, "माझंच चुकलं, बाबा. लगाम सुटत नाही माझ्याकडून. तुम्ही म्हणता ते खरंय. हिला दुसरं कुणीतरी द्या चढायला."

वस्तादांना त्या क्षणी स्वतःचा भयंकर राग आला. ते वळले आणि लंगडत ऑफिसकडे चालू लागले.

खरं तर गप्प बसणं अगदी सोपं होतं. चार दिवसांनी घोडी नापास झाली असती, व्यापारी घेऊन गेला असता, पोरीनं दोष आपला मानून घेतला असता, आणि वस्ताद वस्तादच राहिले असते. ऑफिसच्या पायऱ्यांवर त्यांना हे सगळं सुचलं. तीनच पायऱ्या होत्या, पण चढायला त्यांना बराच वेळ लागला.

क्लबचे सेक्रेटरी चहा पीत होते. वस्तादांनी रजिस्टर मागितलं.

"चाचणी सोमवारी आहे ना? आज कशाला?"

"मागच्या चाचणीची नोंद दुरुस्त करायचीय."

"केलेली खूण खोडता येत नाही, वस्ताद. नियम तुम्हीच सांगता सगळ्यांना."

"खोडत नाही. आणखी एक करतो." आणि त्यांनी तिसऱ्या रकान्यात खूण केली. बाजूला लिहिलं : शिक्षकाचं पाऊल आखूड झालं आहे. घोडी आणि स्वार यांचा दोष नाही.

सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं. "याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला? मैदानाबाहेर बसावं लागेल. आणि चौतीस वर्षांचं तुमचं नाव..."

"नाव धुऊन का प्यायचंय? घोडीला तीन महिने द्या."

"शिकवणार कोण?"

"माझी लेक."

"ती तर स्वार आहे. शिकवलंय कुठं तिनं?"

"माझ्या शिव्या खाऊन शिकलीय. त्याहून जास्त काय पाहिजे?"

लेकीला हे संध्याकाळी सेक्रेटरींकडूनच कळलं. घरी आली, हातपाय धुतले, आईच्या मशीनशेजारी बसली. वस्ताद वर्तमानपत्र तोंडासमोर धरून होते, तेच पान अर्धा तास.

"बाबा, आधीची खूण तशीच आहे का?"

"खोडता येत नाही."

"मग राहू दे," ती म्हणाली. "मला सांगायचं होतंत आधी."

"हो," वस्ताद म्हणाले. त्यांना आणखीही म्हणायचं होतं, पण माफी मागायची सवय नसलेल्या माणसाला ती ऐनवेळी सापडत नाही. बायकोनं मशीन थांबवून दोघांकडे बघितलं आणि पुन्हा चालू केलं.

तीन महिने वस्ताद कठड्याबाहेर बसले. लेकीनं घोडीला पहिल्यापासून घेतलं, जमिनीवरच्या दांडीपासून. अंतर टेपानं मोजायची. पहिले दहा दिवस जोडी लावलीच नाही, आणि वस्ताद कठड्याबाहेरून पुटपुटायचे, "आता लाव, आता लाव!" मग तेहतीस फुटांची लावली, चार दिवसांनी अर्धा फूट वाढवला, मग आणखी अर्धा. एकदा त्यांना राहवलं नाही, ओरडलेच, "अगं, घाई करतेस!" लेकीनं वळूनही बघितलं नाही. घाई नव्हतीच. दुसऱ्या दिवशी घोडी सहज गेली, आणि वस्तादांनी तोंडाला कुलूप घातलं ते कायमचं. त्यांना करमत नव्हतं. हात शिवशिवायचे. शेजारी मोतद्दार तोबरे घेऊन बसायचा, त्याच्याशी भांडून ते दिवस काढायचे.

चाचणीच्या दिवशी तेच परीक्षक आले. या खेपेला वस्ताद जोडीतून चालून बघायला आत गेले नाहीत. कठड्यावर हात ठेवून उभे राहिले. भिंगरी आली, पहिली दांडी, उतरली. एक. दोन. आणि लांबलचक, मोकळी, बिनघोर उडी. दांडी हललीसुद्धा नाही. वस्तादांनी कठडा इतका घट्ट धरला होता की तळव्यात रंगाचे पोपडे चिकटले. दुसऱ्या फेरीतही तसंच. तिसऱ्या फेरीची गरजच पडली नाही.

परीक्षक कागद घेऊन पुढं आले, घोडीच्या मानेवर थाप मारली. "छान झालीय. कुणी शिकवलं हिला?"

लेकीनं हेल्मेट काढलं. "मी," ती म्हणाली.

एकच शब्द. कठड्याकडे बघितलंसुद्धा नाही. परीक्षकांनी लिहून घेतलं, तिनं सही केली, आणि घोडी पास झाली.

मोतद्दाराला ते फार लागलं. "नाव नाही घेतलं पोरीनं तुमचं," तो म्हणाला. "अकरा महिने तर तुम्हीच शिकवलं होतंत. जमिनीवरच्या दांडीपासून."

"कसं घेईल?" वस्ताद म्हणाले. "तिनंच शिकवलंय. मी तर बिघडवून ठेवली होती. माझं नाव घेतलं असतं तर उलट मला वाईट वाटलं असतं."

आणि हे साफ खोटं होतं.